चौकशीचा फोन

अकरावी-बारावीला ती माझ्या वर्गात होती, जानेफळला. हजेरीत आमचे नंबर लागून, म्हणून रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला आमची जोडी असायची. सकाळी घरच्या मळ्यातले टमाटे तोडून ती कॉलेजात यायची. बोटांवरचा हिरवट-काळा डाग धुऊनही जायचा नाही. मला तो डागसुद्धा आवडायचा. दोन वर्षांत मी तिच्याशी जे बोललो ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं, आणि त्यातलंही निम्मं आम्लाबद्दल होतं. मनातले मांडे मी मनातच खाल्ले.

पुढे मी चाकणला कारखान्यात लागलो. शेजारच्या खोलीत आपल्याच भागातला एक जण राहायचा. एरवी सालस, पण प्यायला की माणसात नसायचा. वाढायला उशीर झाला म्हणून खानावळीच्या मावशींवर त्यानं भरलेलं ताट भिरकावलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

एका रविवारी दुपारी तिच्या वडिलांचा फोन आला. तिच्यासाठी त्याचंच स्थळ आलं होतं. आमच्याकडे सोयरीक ठरवण्याआधी चार ठिकाणी चौकशी करतात. त्यांना कुणीतरी माझं नाव सांगितलं होतं.

"तुह्या शेजारीच राह्यते म्हन्ते तो," ते म्हणाले. "खरं सांग बाप्पा, पोरीच्या जल्माचा सवाल हाये."

ताटाची गोष्ट माझ्या ओठावर आली होती. पण लगेच मनात आलं, तुला ती हवी आहे म्हणून तर तू मोडता घालत नाहीस ना? उद्या लोक तेच म्हणतील. तीही म्हणेल. आणि खरं सांगायचं तर, आपण किती मोठ्या मनाचे, हेही मला त्या क्षणी फार गोड वाटलं.

"चांगला हाये काका," मी म्हणालो.

लग्नाला मी गेलो नाही. तीनेक वर्षांनी गावी आलो, तर आठवडी बाजारात ती वडिलांच्या भाजीच्या दुकानावर बसलेली. कायमची माहेरी आली होती, हे आईनं सांगितलंच होतं. डाव्या हाताचं मनगट वाकडं जुळलेलं. मी वांगी मागितली. मग विचारलं, बरी आहेस का.

ती तराजूकडे बघतच बोलली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"पाहाले आला तवाच मले तो पसंत नव्हता. पन बाबा म्हने, तुह्या वर्गातल्या त्या पोराले इचारलं, तो चांगला म्हन्ते. मंग म्या हो म्हटलं. प्रॅक्टिकलले सारे खोट्या रीडिंगा लिवत, तू एकटा खऱ्या लिवे."

तिनं वांगी माझ्या पिशवीत ओतली आणि पुढच्या बाईला विचारलं, काय देऊ.