नुसता किसन

आज वारं सुटलंय. चाकणच्या बाजाराकडून कांद्याच्या साली उडत थेट आमच्या गॅलरीत येताहेत. झाडून काढल्या, मागं वळून पाहिलं, पुन्हा तेवढ्याच! माझ्याकडचे नावांचे किस्सेही असेच. गोळा कुणी करत नाही, आपोआप साठतात. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीच्या गेटवर मी वॉचमन होतो. शाळा पाहिली नाही. अक्षरं शिकलो ती गेटच्या रजिस्टरातली माणसांची नावं गिरवून. त्यामुळं बाकी काही येत नसलं, तरी नावांतलं मला कळतं.

*

माझं नाव किसन. नुसतं किसन. आईबाप लवकर गेले, गावात दुसरा किसन नव्हता, आडनावाची कधी गरजच पडली नाही. मग कंपनीत कॉम्प्युटर आला. आडनावाची जागा मोकळी सोडली की तो पुढंच सरकेना! ऑफिसातल्या मॅडमनी अर्धा तास झगडून शेवटी दोन्हीकडं किसनच टाकलं. कार्ड आलं ते ‘किसन किसन’!

साहेब म्हणाले, "बरं झालं मामा, आता दोघं झालात. एकानं डे शिफ्ट करा, एकानं नाइट!"

पण कार्डावर दोनदा असून ते नाव कुणी घेतलं नाही. सगळ्या कंपनीचा मी मामाच.

*

एका शिफ्टला पाच गणेश होते. मोबाइल आत न्यायला बंदी, म्हणून घरचे फोन गेटवर. एकदा कुणाच्या तरी सासऱ्यांचा फोन आला, "गणेशरावांना सांगा, मुलगी झाली!" आणि ठेवला. कुठले गणेशराव, हे विचारायचं राहूनच गेलं. मी तसाच निरोप आत धाडला. तीन गणेश पळत गेटवर! दोघांच्या बायका बाळंतपणाला गेलेल्या. तिसऱ्याचं तर लग्नच झालं नव्हतं.

"तू कशाला पळत आलास रे?"

"गणेश म्हणून हाक आली, राव. खात्री केलेली बरी!"

*

दिवाळीला कॅन्टीनच्या भिंतीवर कविता लागायच्या. एका वर्षी ‘चांदणी’ या टोपणनावाच्या कवितेनं पोरं येडी केली. पेंट शॉपमधल्या एकानं चांदणीला चिठ्ठी लिहिली आणि माझ्याकडं दिली. "मामा, ती गेटवरून जाईलच. तेवढी द्या."

संध्याकाळी मिशीवाले सुपरवायझर आले, "मामा, माझी चिठ्ठी आलीय म्हणे," म्हणत हळूच हात पुढं केला. चिठ्ठी वाचून घडी घातली.

"मामा, त्याला सांगा, चांदणीचं लग्न झालंय. दोन पोरं आहेत. आणि उद्यापासून तो माझ्या लाइनवर!"

*

आता घरचं. माझी हौसा जुन्या वळणाची. नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही म्हणजे नाही. रेशनच्या कचेरीत बाबूनं विचारलं, "मालकांचं नाव?" ही म्हणाली, "ह्ये काय हितं हुबं हायेत. त्यांनाच इचारा की!"

लग्नात उखाण्यात एकदा घेतलं होतं. नेमकं तेव्हाच बँडवाल्यानं ढोल बडवला, मला ऐकूच आलं नाही! तेव्हापासून एकच आस आहे. डोळे मिटायच्या आत तिच्या तोंडून एकदा आपलं नाव ऐकायचं. किती मागं लागलो! "म्हातारपणी कसली थेरं?" एवढंच पदरात पडलं.

*

गेल्या महिन्यात याच गॅलरीत साली झाडताना मला चक्कर आली. डोळे उघडले ते दवाखान्यात. हौसा उशाशी. म्हणाली, "अहो, पाणी घेता का?" म्हणजे अजून ‘अहो’च!

आज शेजारचा संतोष चहाला आला. कंपनीची बस चालवतो. त्यानंच मला दवाखान्यात नेलं होतं. मी म्हटलं, "भावा, तिथं नाव काय सांगितलंस? तुला तर माझं नावच माहीत नाही."

संतोषनं आधी स्वयंपाकघराकडं पाहिलं. हौसा भांडी घासत होती. मग खुर्ची जवळ ओढून हळू बोलला.

"आता माहीत झालंय मामा. नर्स म्हणाली, हाका मारत राहा. आम्ही सगळे ‘मामा, मामा’ करतोय, तुम्ही हूं नाही की चूं नाही. तेवढ्यात मामींनी पदर खोचला अन् दवाखाना दणाणून सोडला, ‘किसन! ए किसन, ऊठ!’ मला दम दिलाय, ह्यांना सांगायचं न्हाई म्हणून. पण मामा, तुम्ही तर चांगली ‘ओ’ दिली होती. तुम्हाला ऐकू आलं नव्हतं व्हय?"