सर्जाचा एसटी प्रवास

कान पडलेले ससे आजारी नसतात, हे कळायला आमच्या घराला आठ दिवस लागले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझे यजमान बारामतीच्या एका ओळखीच्या माणसाकडून सशांची जोडी घेऊन लासुर्ण्याला आले. कान थेट गालांवर लोंबणारे! माझे सासरे, आबा, यांचं सगळं तरुणपण मेंढरांमागं गेलेलं. त्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं.

“सूनबाई, ह्येंच्या अंगात ताप हाय का गं?”

“नाही आबा, जातच तशी असेल. आणि दोन्ही नर आहेत.” (मी स्वतः उलटे करून खात्री केली होती!)

म्हणून नावं ठेवली सर्जा आणि राजा.

ससा म्हटला की गाजर, एवढं तर कुणालाही ठाऊक! सकाळी गाजर, दुपारी गाजर, संध्याकाळी गाजराची कोशिंबीर. तिसऱ्या दिवशी दोघांचीही पोटं बिघडली. आबांनी गाजरं उचलून म्हशीपुढं टाकली आणि खोक्यात वाळलं गवत भरलं. ससे दिवसभर कुरूकुरू चावत बसले आणि पोटं ताळ्यावर आली. मी म्हटलं, योगायोग!

दीडेक महिन्यानं सर्जाचं काहीतरी बिनसलं. राजाला जवळ येऊ देईना. तोंडात गवत धरून कोपऱ्यात नेऊ लागला. आणि एका सकाळी पाहते तर काय, छातीवरचे केस स्वतःच्याच दातांनी उपटतोय!

“खरूज!” मी निदान केलं.

“खरूज न्हाय ती. मला वाटतं, ह्ये...”

“आबा, वेळ घालवू नका! इंदापूरला जनावरांच्या डॉक्टरांकडं नेऊ या.”

आबांनी फक्त टोपलीत गवत अंथरलं आणि ते उपटलेले केसही गोळा करून वर पसरले. (कशाला, हे विचारायची बुद्धी मला झाली नाही.)

एसटीनं निम्मी वाट कापली आणि मांडीवरची टोपली थरथरू लागली. झाकण किलकिलं केलं. आत काहीतरी गुलाबी वळवळत होतं!

“आबा! ह्याचं आतडं बाहेर आलं!”

ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. आबांनी शांतपणे टोपली स्वतःकडं ओढली.

“आतडं न्हाय, पिल्लू हाय. आजून येत्यात. खिडक्या लावा रं, वारं लागंल!”

धडाधड खिडक्या लागल्या. अख्खी बस टोपलीकडं माना वळवून बसली. शेवटी कंडक्टर वाकून कुजबुजला, “आबा, किती झाली?”

“चार. समदी जिती हायती.”

इंदापुरात डॉक्टरांनी टोपलीत डोकावून पाहिलं. “बाळंतीण ठणठणीत आहे. वाळलं गवत, पाणी आणि शांतता द्या. पण हिला नर कुणी ठरवलं?”

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. आबांची मात्र छाती फुगली.

“आमच्या सूनबाईनं स्वता तपासलं व्हतं! हायस्कुलात जीवशास्त्र शिकवती न्हवं का!”

डॉक्टर माझ्याकडं बघतच राहिले.

“फक्त वनस्पतींचा भाग,” मी म्हटलं.