पदकावरची पंखवाली बाई

शाळेला पन्नास वर्षं झाली तेव्हा स्मृतिपदकं ठरवायचं काम समितीनं माझ्याकडे दिलं. हिंगोलीच्या ट्रॉफीच्या दुकानात तयार साच्यांचं पुस्तक होतं. मी सत्तावीस नंबरचा साचा निवडला: पंख असलेली बाई, हातात पानांचं कडं. चाळीस नग. त्यातलं एक वडिलांना मिळालं. त्या शाळेत ते एकतीस वर्षं शिपाई होते. पदकाचा व्यास पासष्ट मिलिमीटर. बाईच्या एकेका पंखाला नऊ पिसं, कड्याला चौदा पानं. ही मोजणी मी वडील गेल्यावर केली. दुसरं काही सुचत नव्हतं.

वडिलांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे मृत्यूनंतरच्या वंदनेच्या दिवशी सकाळी आईनं बुद्धमूर्तीजवळ, त्यांच्या फोटोला टेकवून पदक ठेवलं. मंडप, जेवण, कशातच ती बोलली नव्हती. पदक तिथं असावं, एवढीच तिची इच्छा होती.

चुलत्यांनी पदक उचलून डोळ्यांजवळ नेलं. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली, देवदेवी न मानणारी माणसं, इथं देवीबिवी नको, असं त्यांचं म्हणणं पडलं. आई म्हणाली, देवी न्हाई ती, शाळेची बाई हाय.

"वैनी, पंखाची मास्तरीण कोणत्या शाळंत असती?" चुलते हसले. मग माझ्याकडे वळले. "पदक तू आणलंस. ही देवी हाय का न्हाई, बराबर सांग."

साचा निवडताना मी मोबाइलवर वाचलं होतं. ती जुन्या ग्रीक लोकांची विजयदेवता. पानं लॉरेल नावाच्या झाडाची, जिंकणाऱ्याच्या डोक्यावर ठेवायची. आज तिला कोणी पुजत नाही, पदकांवर ती फक्त यशाची खूण म्हणून असते, हेही वाचलं होतं. पण विचारलं होतं तेवढ्याचंच उत्तर दिलं.

"व्हय. देवीच आहे."

चुलत्यांनी पदक परत फोटोपाशी पालथं ठेवलं. मागं शाळेचं नाव आणि 'सुवर्णमहोत्सव' एवढंच होतं. भंतेजी आले, वंदना झाली. एकशे बारा माणसांनी फुलं वाहिली. फुलांखाली पदक दिसेनासं झालं.

दुपारी भाड्याची ताटं परत द्यायची म्हणून मी मोजत होतो. आई येऊन बसली. तिला म्हणालो, त्या देवीला आता कोणी पुजत नाही. ती नुसती खूण आहे.

"मंग तवा काहून न्हाई बोललास?"

"तसं कोणी विचारलं नाही."

ती उठली. तिनं फुलं बाजूला केली, पदक पदरात घेतलं आणि आत गेली. माझी मोजणी चुकली होती. ताटं पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली.