मामांची मिशी

संगीत नाटकात राजा होणारे मामा एरवी टपाल कचेरीत शिक्के मारत. गाताना लांब ‘ई’ आली की ओठ ताणले जायचे आणि चिकटवलेली मिशी सुटायची. भूमिका हातची जाऊ नये म्हणून ते प्रत्येक ‘ई’ ओठ आवळून ‘ऊ’सारखी गाऊ लागले. प्रेक्षकांना वाटलं, राजघराण्याचा हेल असावा. मग सगळा दरबारच तसा गाऊ लागला.

शेवटी मामांनी खरी मिशी राखली आणि स्वच्छ गायले. पहिल्या रांगेतल्या आजी म्हणाल्या, “हा कसला राजा? आपल्यासारखाच तर बोलतो.”

दिग्दर्शक त्यांना विंगेतच गाठून म्हणाले, “मामा, असंच गाणार असाल तर उद्यापासून प्रधानाला राजा करतो.”

घरी येऊन मामांनी मिशी सफाचट केली आणि डिंकाची बाटली शोधली.

“अहो, चांगली खरी मिशी होती की,” मामी म्हणाल्या.

“होती, पण तिला गाता येत नव्हतं.”