देवामार्फत आलेला निरोप

आमच्या घरी टोमणे देवामार्फत येतात. एकदा रात्रीची आमटी खारट झाली, तर सकाळच्या प्रार्थनेत सासूबाई म्हणाल्या, "हे पित्या, माझ्या सुनेचा हात मिठाच्या बाबतीत जरा आवरता ठेव." प्रार्थना चालू असताना डोळे उघडायचे नाहीत, मध्ये बोलायचं नाही, हा घरचा कायदा. उत्तर द्यायचं तर आपली पाळी आल्यावर, तेही देवालाच. माझी पाळी आल्यावर मी म्हटलं, "प्रभू, आईंना बीपीची गोळी वेळेवर घ्यायची बुद्धी दे." दोघींनी आमेन म्हटलं आणि चहा घेतला.

परळच्या चाळीतल्या या खोलीत आता आम्ही दोघीच. माझा नवरा गेला तेव्हा पाळकसाहेबांनी पवित्र शास्त्रातल्या त्या विधवा सुनेवर उपदेश केला, जी सासूला सोडून माहेरी परतली नाही. तेव्हापासून चर्चमधल्या बायका मला तिच्याच नावाने हाक मारतात. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? म्हणूनच मी नोकरी करते त्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी, तेही एकटेच, लग्नाचं विचारलं, तेव्हा मी त्यांना वाक्य पुरं करू न देताच नाही म्हटलं. ते आवडत नव्हते असं नाही. पण आईंना एकटं टाकून मी कुठे जाणार? घरी यातलं अवाक्षरही काढलं नाही.

आम्ही शास्त्र ओळीने वाचतो, रोज थोडं. वाचायचं मी, त्यावर मनन आईंनी करायचं. मध्यंतरी त्या सुनेची गोष्ट आली. ती सासूला बिलगून राहते तो भाग वाचताना माझा आवाज जरा चढलाच होता. दोन दिवसांनी पुढचा भाग आला. त्यात तीच सासू म्हणते, तुझं घर मांडून द्यायला नको का मी? आणि ज्याच्या शेतात सून सरवा, म्हणजे कापणीनंतर पडलेली कणसं, वेचत असते त्या भल्या माणसाकडे तिला न्हाऊन-माखून, चांगले कपडे घालून जायला सांगते.

"आज मनन नको," आई म्हणाल्या. "सरळ प्रार्थना करू."

मी डोळे मिटले.

"प्रभू, तू बघितलंसच. गुरुवारी हिचे ते चित्रकलेचे सर अर्धी रजा टाकून इथे येऊन गेले."

उघडू पाहणारे डोळे मी तसेच मिटून धरले.

"चहा घेतला. कपबशी आपली आपण विसळून ठेवली. म्हणाले, ती तुमच्यासाठी नाही म्हणते. प्रभू, माझा पोरगा तू नेलास, मी काही बोलले नाही. पण ही पोरगी माझ्यापायी वाळत चाललीय, ते मला बघवत नाही. लोक हिला त्या सुनेचं नाव देतात आणि गोष्ट निम्मीच सांगतात. हिला घर दे. मला एकटीने राहायचा धीर दे."

ते आलेच कसे, यांनी घरात घेतलंच कसं? गुरुवारी संध्याकाळी मी शाळेतून आले तेव्हा तर या भेंडी चिरत मालिका बघत बसल्या होत्या, चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. मला ओरडायचं होतं. पण अजून आमेन झालं नव्हतं.

आई थांबल्या. आता पाळी माझी होती. पण घरचा कायदा मोडून मी डोळे उघडले. आईंचे डोळे घट्ट मिटलेले होते. मला या घरातून पाठव म्हणून देवाला सांगणाऱ्या बाईंनी माझ्या ओढणीचं टोक मुठीत आवळून धरलं होतं. त्यांना ते ठाऊक तरी होतं की नाही, कोण जाणे.

मी पुन्हा डोळे मिटले.

"हे पित्या," मी म्हटलं, "आईंना सांग, सरांना बोलवायचं असेल तर मी घरी असताना बोलवा."

"आमेन," आई म्हणाल्या. ओढणी काही सोडली नाही.