मार्क विचारायचे नाहीत

कार्यक्रम संपला की हॉलमध्ये उरतात रिकाम्या बाटल्या, कुणाचा तरी एक चष्मा आणि चार-दोन किस्से. बाटल्या भंगारात जातात, चष्म्याचा मालक सापडतो. किस्से मात्र माझ्याकडे साठत जातात, कारण प्रमाणपत्रांवर नावं मी लिहिते आणि नंतरचा चहा माझ्याच घरी होतो.

यवतमाळात आमच्या कॉलनीचं एक लहानसं मंडळ आहे. शाळा सुरू झाल्या की आम्ही आसपासच्या तेरा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना बोलावून त्यांचं कौतुक करतो. अध्यक्ष कानडे सर, रिटायर्ड ड्रॉइंग टीचर. त्यांचा नियम एकच. मार्क विचारायचे नाहीत, पोरगं काय करतं ते विचारायचं.

*

पहिल्याच वर्षी एका आईचा फोन आला. मुलाला चौऱ्याण्णव टक्के होते. सरांनी अभिनंदन केलं आणि तो करतो काय, असं विचारलं. अभ्यास करतो, म्हणाल्या. आणखी काय करतो? मग त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून विचारलं, "काय रे, तू काय करतं?"

आतून आवाज आला, "काहीच नाही. ठेव तो फोन."

सरांनी त्याचं नाव यादीत घेतलं. गुण या रकान्यात मला लिहायला सांगितलं : स्पष्टवक्तेपणा.

*

दिग्रसची एक मुलगी होती. वडील कापसाचे व्यापारी. कापूस नुसता बोटांत चोळून ती त्याची प्रत सांगायची. स्टेजवर तिने हे करून दाखवावं असं ठरलं, पण कापूस आणायचा सगळेच विसरले. तोवर सत्कार झाला, खांद्यावर शाल आली. सर माइकवर म्हणाले, बेटा, जे हाताशी असेल त्यावर दाखव.

तिने शालीचं टोक चोळलं. पुन्हा चोळलं.

"यात कापूसच नाही, सर."

दुसऱ्या वर्षीपासून आम्ही शाल बंद केली. आता टॉवेल देतो. घ्यायच्या आधी नमुना दिग्रसला पाठवतो.

*

बाभुळगावच्या जुळ्या बहिणी आल्या होत्या. एक चित्रं काढायची, दुसरी कुस्ती खेळायची. माझ्या हातून प्रमाणपत्रांची अदलाबदल झाली. दोघींनी निमूटपणे घेतली, नमस्कार केला, फोटो काढले.

आठवड्याने त्यांची आई माझ्या दारात. मी माफी मागितली, म्हटलं बदलून देते.

"बदलू नका, मॅडम. दोघींले दोन्ही द्या. घरी रोज भांडण होऊन राह्यलं."

मी म्हटलं, मुली समजूतदार आहेत, त्यांचं त्या मिटवतील.

"मिटवते ना. कशी मिटवते, ते तुम्हीच लिहून देल्लं हाय."

मी चष्मा शोधला आणि दोन प्रमाणपत्रं लिहायला बसले.

*

मागच्या वर्षीची सारिका दारव्ह्याजवळच्या बंजारा तांड्यावरची. तांड्यावरच्या म्हाताऱ्या बायकांना दवाखान्यात न्यायची, त्यांचं दुखणं डॉक्टरांना मराठीत सांगायची. आई-वडील कामासाठी बाहेरगावी, त्यामुळे ती आजीजवळ वाढलेली. तिला अकरावीला यवतमाळच्या हॉस्टेलात राहायचं होतं. आजी नाही म्हणत होती, आणि घरात आजीचा शब्द शेवटचा.

आजी तांड्यावरच्या बायकांबरोबर कार्यक्रमाला आली, पण तोंड फिरवून बसली. बाजारापुरती मराठी तिला येत होती, पाहुण्यांची पुस्तकी मराठी नाही. पाहुणे अर्धा तास बोलले. मग आजीने सारिकाला काहीतरी विचारलं. सारिकाने त्यांच्या गोरबोलीत तीन-चार शब्दांत उत्तर दिलं. तांड्यावरच्या बायका हसल्या.

सरांनी आजीला दोन शब्द बोलायची विनंती केली. ती आधी उठेना. मग उठली, दोन्ही हातांनी माइक धरला आणि सारिकाकडे बघत गोरबोलीत बोलू लागली. पाच मिनिटं तरी बोलली असेल. मागच्या रांगेतल्या बायकांनी बिस्किटं खायची थांबवली. एकीने पदर डोळ्यांना लावला. सारिका मान खाली घालून उभी.

बोलणं संपल्यावर सरांनी विचारलं, आजी काय म्हणाल्या?

सारिकाने माइक घेतला.

"आजी विचारते, हॉस्टेलात जेवाले काय देतेत."

सरांनी सांगितलं, वरण-भात, भाजी, पोळी, रविवारी गोड. सारिकाने ते आजीला सांगितलं. सांगायला तिला बराच वेळ लागला. आजी ऐकत राहिली आणि शेवटी मान हलवली.

पुढच्या सोमवारी आजीच तिला हॉस्टेलात सोडून गेली.

कार्यक्रमाच्या दिवशी तांड्यावरच्या बायका जीपमध्ये बसत होत्या. डोळे पुसणाऱ्या बाईला मी हळूच विचारलं, आजी खरंच एवढंच म्हणाली का?

तिने पदर सारखा केला, आत सरकून जागा केली.

"हो ना मॅडम. जेवाचंच इचारत होती."