गाभाऱ्याच्या दारात अडलेला शर्ट

महादेवाशी मी बोलणं टाकलं होतं. माझं बोलणं बंद होणं म्हणजे काय, ते वैजापूरच्या मार्केट यार्डात विचारा. तिथं मी कांद्याचा लिलाव पुकारायचो. मी भाव पुकारला की पार गोदाकाठच्या गंगथडीतल्या म्हशी कान टवकारायच्या आणि उजवा हात वर केला की व्यापारी श्वास रोखायचे. त्याच हातानं रोज सकाळी घरच्या पिंडीवर पाणी घालायचो. मग अर्धांगाचा झटका आला. पाय, ओढत का होईना, चालू लागला, वाकडं तोंड सरळ झालं, आवाज तर दुप्पट होऊन परतला. उजवा हात मात्र काही केल्या हलेना. मूठ अशी आवळलेली, जणू आत कुणाचा दागिना लपवलाय. डाव्या हातानं देवाला पाणी घालायचं नाही, हे आमच्या घरचं वळण. मी पाणी घालणंच सोडलं. म्हटलं, ज्यानं हात नेला त्यानंच आता बघावं.

संभाजीनगरला फिजिओथेरपीसाठी जायचो. तिथल्या ताई माझ्या पोरीच्या वयाच्या, पण चिकाटी अशी की वेरूळचं लेणं त्यांनी एकटीनं नखानं कोरलं असतं. त्या म्हणायच्या, "काका, शर्ट रोज स्वतः घाला, स्वतः काढा. उजव्यानं नुसता काठ दाबून धरा, बटण डावा काढेल." मी मान डोलवायचो आणि घरी येऊन बायकोपुढं उभा राहायचो. तिची बोटं सराईत. ती मोकळी, मी मोकळा. आत मात्र सलायचं. आपला देह आता दुसऱ्याच्या हातानं झाकायचा आणि उघडायचा, हे मनात आलं की रडू फुटायचं. ते मी शिंक म्हणून खपवायचो.

शेवटी ठरवलं, वेरूळला घृष्णेश्वरापुढं उभं राहायचं आणि तोंडावर विचारायचं, हात देतोस की नाही. ताईंना सांगितलं तर त्या हसून म्हणाल्या, "जरूर जा. माझा नमस्कार सांगा, आणि व्यायाम चुकवता तेही सांगा."

त्या गाभाऱ्यात पुरुषांनी उघड्या अंगानं जायचं असतं. बटणं काढायला बायको आहे, या भरवशावर मी होतो. पण ऐन दारात गर्दीनं तिला पुढं लोटून नेलं. मी बटणबंद शर्टात उभा आणि मागं निम्मा मराठवाडा. कुणीतरी ओरडलं, "ओ काका, जल्दी करा ना." घामानं निथळलो. आल्या पावली परत फिरावं, असं ठरतच आलं होतं.

मागच्या माणसाकडं वळलो. वय माझ्याएवढं, डोक्याला मळका रुमाल, बोलण्यावरून सोयगावकडचा शेतकरी. म्हटलं, "पाहुणे, एवढी बटणं काढा." त्यानं हात पुढं केला आणि माघारी घेतला. हळूच म्हणाला, "माझ्या भावाला असंच झालं व्हतं. मला त्याची लई कीव यायची. घास भरवायचो, धोतर नेसवायचो, समदं मीच करायचो. त्यो खाटंवरच राहिला, उठलाच नाय. तुम्ही काढा. मी हाय इथं." मग माझ्याकडं पाठ करून त्यानं दोन्ही हात पसरले, रांग अडवली. "ह्यांचं होऊ द्या. देव कुठं पळून चालला नाय."

मी डाव्या हातानं उजवी मूठ उचलून छातीला टेकवली. अंगठा शर्टाच्या काठावर आणला आणि त्याला दाबायला सांगितलं. किती वेळ गेला कोण जाणे. मी लोकांना सांगतो की तेवढ्यात आत दोनदा आरती झाली. मग कापडाचा खरखरीतपणा अंगठ्याला लागला. इतक्या महिन्यांत त्या हाताला पहिल्यांदा काहीतरी लागलं होतं. काठ धरला गेला. डाव्यानं बटण सोडवलं, मग खालचं, मग उरलेली. बाही काढताना चांगला हात आधी, दुखरा नंतर, हा ताईंचा नियम मी मंत्रासारखा पुटपुटत होतो.

आत गेलो. विचारायचं होतं ते सगळं दारातच राहिलं. गडूला उजवा अंगठा टेकवला, डाव्यानं खालून सावरलं आणि पाणी घातलं. निम्मं पिंडीवर, निम्मं पुजारीबुवांच्या पायावर. कोणता हात वर, कोणता खाली, हे पिंडीनं काही विचारलं नाही.

बाहेर येऊन त्या माणसाची वाट बघितली, पण तो पुन्हा दिसला नाही. ते साक्षात महादेव होते, रुमालाखाली नाग मी डोळ्यानं बघितला, असं मी यार्डभर सांगितलंय. बायको म्हणते, "अहो, तुम्ही चपला शोधत होता तेव्हा तो सीताफळाच्या भावावरून भांडत होता. मी बघितलं ना." मी म्हणतो, महादेवानं भाव करू नये असं कुठं आहे.

मूठ अजून पुरती उघडलेली नाही. हात वर करून भाव थांबवायचे दिवस कदाचित परत येणार नाहीत, आणि त्यावरून मी आता महादेवाशी भांडत नाही. त्याच्यावर सोपवायचं म्हणजे जेवढा अंगठा शिल्लक आहे तेवढा आधी आपण लावायचा, एवढं त्या दारात कळलं. सकाळी मी शर्ट घालतो तेव्हा बायको चहा ठेवून समोर उभी राहते. तिची बोटं शिवशिवतात, ते मला दिसतं. ती हात पदराखाली घट्ट धरून ठेवते. चहा गार होतो. तो गार चहा मला प्रसादासारखा लागतो.